पांगाऱ्याचा जोतीराम

"मी आता जे सांगनार हाय, त्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इस्वास बसायचा न्हाई," नाथाजी थोरात म्हणाला. आणि उभ्या आयुष्यात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच वाक्य असावं, ज्यावर साऱ्या भावकीचा एकदम विश्वास बसला.

"मग नगंच सांगू," लालासाहेब म्हणाले.

"दादा, मुहूर्ताला येळ हाय न्हवं? माश्या मारत बसन्यापरास ऐका. कान काय झिजत न्हाईत."

थोरातांच्या गुऱ्हाळावर सकाळपासून माणूस गोळा होत होतं. हंगाम सरला होता. रस कढवायची मोठी काहील चुलवणाशेजारी पालथी पडली होती, चरकाला जळमटं धरली होती, आणि जिथे मागच्या महिन्यापर्यंत गुळाच्या ढेपा रचल्या जात, तिथे आज तिरडी बांधून ठेवली होती. तिरडी पुरुषभर लांब. पण तिच्यावरच्या पांढऱ्या कापडाखाली जे होतं, ते पाच वर्षांच्या पोराएवढं. येणारा माणूस तिकडे एकदा बघायचा आणि नजर उसाच्या खोडव्याकडे वळवायचा.

लालासाहेबांचा थोरला, जोतीराम, इटलीच्या लढाईत गेला होता. गेला म्हणजे नक्की काय झाला, ते सरकारलाही सांगता येत नव्हतं. पहिली तार आली ती बेपत्ता म्हणून. दुसरी आली ती बहुधा मृत म्हणून. त्या 'बहुधा'ला धरून थोरातांचं घर वर्षभर लोंबकळत होतं. मग धाकट्या ज्ञानूचं लग्न फलटणच्या नानासोंच्या मुलीशी ठरलं, आणि नानासोंनी सुपारी हातात घेऊन तशीच ठेवली. म्हणाले, "मेला आसंल तर त्याचं करा. जित्ता आसंल तर त्याला आना. अधांतरी जीव आसल्याल्या घरात मी पोर देनार न्हाई."

भटजींनी वाट काढली. देह मिळाला नाही तर पळसाच्या काड्यांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि मुलगा समजून त्याला अग्नी द्यायचा. शास्त्रानं बारा वर्षं वाट बघायला सांगितली आहे खरी. पण सरकारची तार आली की शास्त्रही जरा सरकून बसतं.

त्या बैठकीत नाथाजीनंच खोडा घातला होता. "फौजेतल्या गड्याला नारळाचं डोकं? उद्या पंचक्रोशी म्हनंल, थोरातांच्या पोराला डोकंच नव्हतं. दादा, माझ्या वळखीचा एक जर्मन हाय साताऱ्यात. फोटू द्या, हुबेहूब त्वांड काढून देतो लाकडात." लालासाहेबांना थोरातांच्या नाकापुढं काही दिसत नसे. त्यांनी फोटो दिला. आणि आता त्या फोटोचं लाकूड कापडाखाली निजलं होतं.

कापडाखाली लाकूड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाकडाला दोरे आहेत हे मात्र तिघांनाच ठाऊक: नाथाजीला, कडेगावच्या सिकंदर शिंप्याला, ज्यानं जोतीरामचा जुना खाकी सदरा उसवून त्या लाकडाला गणवेश शिवला, आणि शालूला, जिनं तो सदरा गुपचूप पेटीतून काढून दिला.

शालू म्हणजे जोतीरामची बायको. गोठ्याच्या उंबऱ्याशी ती बसली होती, हात मांडीवर, मनगटभर हिरवा चुडा. तिच्यापासून हातभरावर बनुबाई, लालासाहेब-नाथाजींची विधवा बहीण. बनुबाईच्या पुढ्यात एक गुळगुळीत दगड होता. तिरडी उचलली की या दगडानं शालूच्या बांगड्या फुटायच्या होत्या. बनुबाईला ते काम जमायचं. तिच्याही बांगड्या असल्याच दगडानं फुटल्या होत्या, ती परकर नेसायची तेव्हा.

महिन्यामागं शालूनं नाथाजीला पाणंदीत गाठलं होतं. डोक्यावर वैरणीचा भारा तसाच ठेवून म्हणाली होती, "धाकलं मामंजी, तुमी जल्मभर इतक्या थापा मारल्या. एक माज्यासाठी मारा."

नाथाजी थोरातानं आजवर थापेतून कधी काही मागितलं नव्हतं. मागच्या लढाईत बसऱ्याला आपण पायात गोळी झेलली, उंटावर बसून उंटालाच हुकूम सोडला, तंबूत शिरलेल्या वाघाला सलाम ठोकायला लावला, असली फुकटची खैरात त्यानं वाटली होती. कामाची थाप कशी असते हे त्याला माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा त्याच्या तळहातांना घाम सुटला होता.

"तर ह्यो जर्मन," त्यानं तंबाखूची चिमूट दाढेत सारली. "टिलमान त्याचं नाव. आपन तिलमनसाब म्हनतो. साताऱ्याच्या छावनीत सरकारनं जर्मन लोक ठेवल्यात न्हवं, बायकापोरांसकट? तितं मी जळान पोचवतो. एक दिशी गाडी उभी केली, आन् ह्यो बाबा आला, आन् माझं एकेक लाकूड उचलून त्याला टिचक्या मारायला लागला. कानाला लावायचा. हुंगायचा. म्या म्हनलं, गेलं ह्याचं डोस्कं, लढाईनं चळला."

"मग?" नानासो म्हणाले. त्यांना या माणसाबद्दल अजून कुणी सावध केलं नव्हतं.

"मग त्यानं पांगाऱ्याचा एक वंडका काढला आन् पोटाशी धरला. मी म्हनलं साब, ह्यो जळत न्हाई धड, नुस्ता धुमसतो, आमी मापात भर म्हनून घालतो. त्यो म्हनला, ह्ये जाळायचं लाकूड न्हवंच. ह्ये माणसं करायचं लाकूड हाय."

सिकंदर लिंबाखाली मान खाली घालून बसला होता. त्याची मान आणखी खाली गेली.

"त्येच्या मुलखात एक झाड आसतं, लय मऊ, त्येच्यात त्यो माणसं कोरायचा. त्येचा बा कोरायचा, आजा कोरायचा. घोड्याच्या गाडीत घर, गाडीतच नाटक. गावोगाव हिंडायचं, दोरीवरच्या भावल्या नाचवायच्या. ह्येला बानं धा वर्सं नुस्तं हात कोरायला लावलं. त्वांड न्हाई, पाय न्हाई, हात. उघडा हात, मिटल्याला हात, भाकरी मागनारा हात, थोबाडीत मारनारा हात. पोरगं म्हनायचं, बा, मला एक त्वांड तरी काढू दे. बा म्हनायचा, त्वांड खोटं बोलतं. हाताचं आधी शिक."

"आन् ह्यो तुजा गुरू," लालासाहेब म्हणाले. माणसं हसली. तिरडीजवळ हसलो हे ध्यानात येऊन थांबली.

"ऐका तर. लढाईच्या आधी त्यो भावल्यांच्या पेट्या घिऊन मुंबैला खेळ करायला आला. खेळ चालू, राजा सिंहासनावर बसतोय, आन् वरनं पोलीस आले. लढाई लागली, जर्मन त्येवढा धरा. सोजिरानं पेटी उघडली तर आत मानसं टांगल्याली. सोजीर तितंच आडवा झाला. मग सायबानं इचारलं, ह्ये कोन? ह्यो म्हनला, माझी मानसं. साब म्हनला, मंग त्येबी जर्मन. समद्या भावल्यांना आत टाकलं. हरेकीला नंबर. रोज हजेरी. एकदा छावनीतला एक बाबा कुंपनावरनं पळाला. तिलमनसाबनं त्याचा कोट एका भावलीला चढवून रांगेत हुबी केली. सायबानं नाव घ्येतलं आन् भावलीनं 'हजर' म्हनलं. आजून हजर हाय. तिला कांदं-बटाट्याचं शिधापत्रबी मिळतंय."

"काय तरी," नानासो म्हणाले, पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

यातलं काय खरं आणि काय नाथाजीचं, हे वेगळं करणं म्हणजे काकवीतून ऊस परत काढण्यासारखं. पोलीस, पेट्या, मुंबई, हे खरं. नंबर आणि हजेरी नाथाजीची. पण जे सगळ्यात खरं होतं, ते त्यानं सांगितलंच नाही.

टिलमानच्या खोलीत तो पहिल्यांदा गेला, तेव्हा खिडकीच्या दांडीवर अर्धी माणसं लटकत होती. कुणाला धड, पाय नाहीत. कुणाला पाय, डोकं नाही. नाथाजीनं बसऱ्याला खरी अर्धी माणसं पाहिली होती. त्याविषयी तो कधी थाप मारत नसे, कधी बोलतही नसे. तो दारातच थिजला. टिलमानची बाई आतून आली, तिनं त्याला काळा चहा दिला, आणि तो उन्हात बसून त्यानं प्याला.

फोटो बघून टिलमाननं चेहरा आठवडाभरात काढला. गालफाडं, जाड भुवया, डाव्या मिशीला जरा झुकाव. मग सांधे. गुडघ्याला चामड्याची पट्टी, खांद्याला कापडाची, मान आकड्यात. टाचांत आणि तळव्यांत त्यानं शिसं ओतलं. अर्धी हिंदी आणि अर्धे हातवारे करत म्हणाला, माणूस आणि बाहुली यांत फरक एवढाच, की माणसाला जमीन ओढते. बाहुलीला जमिनीची ओढ आपण लावायची. ती लागली की झालं.

मग त्यानं विचारलं, "हा चालतो कसा?"

ज्या पोराला खांद्यावर घेऊन खरसुंडीची जत्रा दाखवली, ज्याला घोड्यावर बसवलं, भरतीला स्वतः नेऊन उभं केलं, ते पोर चालायचं कसं? नाथाजीला आठवेना. त्यानं गावी येऊन शालूला विचारलं. ती म्हणाली, "मी कायम मागनं चालायची, मामंजी. खाली मान घालून. मला त्यांच्या टाचा तेवढ्या म्हाईत हायत."

"त्याला आई आहे?" टिलमाननं विचारलं.

"हाय."

"मग तिला विचार. बायको चेहरा ओळखते. आई चाल ओळखते. ती आधी चाल शिकवते, चेहरा नंतर येतो."

पण चंद्रावैनीला विचारायचं कसं? ती तर पलीकडच्या बाजूला होती. या विधीला सगळ्यांत आधी हो म्हणाली ती जोतीरामची आई. दळता दळता तिनं नाथाजीला सांगितलं होतं, "भावजी, त्येचं त्वांड मला आठवंना झालंय. डोळं मिटलं की फोटूच दिसतो. जे आठवंना, ते गेलं. करून टाका." एवढं बोलून ती पुन्हा जात्याला लागली. वर्षभरात ती रडली नव्हती, आणि तिच्यापुढं दुसऱ्या कुणाची रडायची छाती होत नव्हती.

म्हणून नाथाजी टिलमानच्या खोलीत स्वतःच चालून दाखवून आला. टिलमान बघत राहिला. मग वरची फुलीसारखी लाकडी पट्टी त्यानं नाथाजीच्या हातात दिली, दोरे कसे ओढायचे ते शिकवलं, आणि विचारलं, "हे कशासाठी आहे?"

"आईला बघायला," नाथाजी म्हणाला. जळण पोचवणाऱ्याला त्या माणसापुढं 'जाळायला' हा शब्द उच्चारवला नाही.

"माझा मुलगाही इटलीत आहे," टिलमान म्हणाला. "समोरच्या बाजूला."

दोघंही बाहुलीच्या बुटांकडे बघत बसले. काय बोलायचं असतं अशा वेळी? ज्याच्या पोरावर आपल्या पोरानं गोळी झाडली असेल, किंवा उलटं, त्याच्याच हातचा चहा आपण पितोय. नाथाजीनं तंबाखूची चंची पुढं केली. टिलमाननं चिमूट घेतली, तोंडात टाकली, आणि त्याला असा ठसका लागला, की त्याचे डोळे कशानं भरले ते कुणाला सांगता आलं नसतं.

"चला," भटजी उठले. चरकाची सावली बुडाशी आली होती. "मंडळी, दर्शन घ्या. आधी आई."

नाथाजी झटक्यात उठला आणि तिरडीच्या उशाकडे, पालथ्या काहिलीवर चढून उभा राहिला. "मी कापड काढतो. हौदात पडल्यावानी घाई करू नका."

चंद्राबाई आली. तिच्या मागोमाग बनुबाईनं शालूला दंडाला धरून आणलं. लालासाहेब पागोटं सावरत उभे राहिले. भटजींनी गोत्र विचारलं, नाव घेतलं, तांब्यातलं पाणी पळीत घेतलं.

नाथाजीनं कापड ओढलं.

तिरडीवर जोतीराम होता. एवढासा जोतीराम. तीच गालफाडं, त्याच भुवया, मिशीचा तोच झुकाव, अंगात तीच खाकी. आणि हे सगळं पाच वर्षांच्या पोराच्या मापात. बनुबाईच्या हातातून शालूचा दंड सुटला. लालासाहेब म्हणाले, "आरं बाबा."

"ह्ये काय केलंस नाथा," बनुबाई पुटपुटली. "ह्येला जाळायचं? ह्येला?"

"पुतळाच आहे तो," भटजी म्हणाले. "लाकूड आहे. मातोश्री, फूल वाहा."

चंद्राबाईनं झेंडूचं फूल उचललं आणि ती वाकली.

आणि जोतीराम उठून बसला.

भटजींचा तांब्या घरंगळत चुलवणात गेला. नानासो मागं सरकले, ते थेट उसाच्या पाचटात बसले आणि बसूनच राहिले. कुणीतरी "राम राम राम" सुरू केलं. बांधावरची बैलं दावं ताणून उभी राहिली. जोतीरामनं आधी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. गुडघे जवळ घेतले. हात टेकला, आणि तिरडीच्या बांबूवर पाय देऊन तो उभा राहिला. टाचेतल्या शिशानं बांबूवर टक् असा आवाज केला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

दोरे काळे होते, पाठीमागचं गुऱ्हाळ धुरानं काळं होतं, आणि बघणाऱ्यांची नजर वर जायला तयार नव्हती. नाथाजी वर उभा आहे, त्याच्या हातात लाकडी फुली आहे, हे डोळ्यांना दिसत होतं. पण डोळ्यांचं ऐकायला त्या घटकेला कुणी शुद्धीवर नव्हतं.

जोतीरामनं सलाम ठोकला. मग तिरडीवरून खाली उतरून तो आईकडे चालत निघाला. एक पाऊल. दुसरं पाऊल. दर पावलाला डावा पाय जरा बाहेर फेकत, झटका देत. तिच्या पायांपाशी येऊन तो थांबला.

चंद्राबाई फूल हातात धरून तशीच वाकलेली होती.

"बगा," नाथाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "बगा, आन् आता सांगा, चालत्या मानसाला अग्नी देता येतो काय. भटजी, हाय का कुठल्या पोथीत?"

भटजी तांब्या शोधत होते.

"दोऱ्या हायत," पाचटातून नानासो म्हणाले. "वर बगा. दोऱ्या हायत. फसवनूक हाय ही."

लालासाहेबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा होता, तो लाल झाला. "नाथ्या. माज्या पोराच्या तिरडीवर तमाशा मांडलास?"

"दोऱ्या हायतच, दादा. मी कवा न्हाई म्हनलं? पन मी तुमाला इचारतो, दोऱ्या मी वढतोय, चाल कुनाची हाय?" नाथाजीनं श्वास घेतला. आता ती थाप. महिनाभर त्यानं ती गाडीवर बसून बैलांना ऐकवली होती. "त्या जर्मनानं जोतीरामला कवाबी बघितला न्हाई. फोटूत मानूस चालत न्हाई. मग ही चाल त्येनं कुठनं आनली? मी इचारलं त्येला. त्यो म्हनला, माज्या पोरानं कळवली. त्येचं पोरगं तिकडं कैद्यांवर पहाऱ्याला हाय. त्येच्या छावनीत एक हिंदुस्थानी हाय, उंचापुरा, भुवया जाड, नाव सांगत न्हाई, डोक्याला मार लागलाय. पन रोज सकाळी अंगनात फेऱ्या मारतो. त्या पोरानं बाला त्येची चाल लिहून पाठिवली, भावल्यावाल्याचंच पोर त्ये, त्येला चालच दिसनार. दादा, ही चाल तिकडनं आल्याली हाय. जोतीराम जित्ता हाय."

अंगणात असं झालं, की माणसं एकमेकांकडे बघायला लागली आणि कुणाची नजर कुणाला सोसेना. लालासाहेब काहिलीच्या कडेवर बसले. मघाचा लाल चेहरा कुठल्या कुठं गेला होता. "नाव सांगत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "डोक्याला मार. आसंल. का नसंल?"

"आवं लालासाहेब, ह्येच्यावर इस्वास ठिवता?" नानासो पाचट झाडत उठले. "भावलीला शिधापत्र मिळवून देनारा बाबा ह्यो. आवरा लवकर. माज्या पोरीच्या लग्नाचं काय करता ते बोला."

"तुमच्या पोरीचं लगीन राहू द्या बाजूला," बनुबाई म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण बनुबाई पुरुषांत बोलत नसे. तिनं तो गुळगुळीत दगड उचलला, अंगणाच्या कडेला गेली, आणि तो विहिरीत टाकून दिला. बुडताना तो जसा बोलला, तसं त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही. परत येऊन ती शालूच्या शेजारी बसली. जवळ, अंगाला अंग लावून.

"आत्या," ज्ञानू म्हणाला, नानासोंच्या बाजूनं उभा होता तो, "पन मुहूर्त..."

"तुज्या थोरल्या भावाचा जीव म्हंजे मुहूर्त न्हवं, भाड्या."

ज्ञानू हळूच नानासोंपासून दोन हात सरकून बापाजवळ येऊन उभा राहिला. नाथाजीला वरून हे सगळं दिसत होतं. जमली. आयुष्यातली पहिली कामाची थाप, आणि जमली. शालूच्या मनगटांकडे बघायची त्याला हिंमत झाली.

पण शालू त्याच्याकडे बघत नव्हती. ती सासूकडे बघत होती.

चंद्राबाई सरळ झाली. तिनं फूल खाली ठेवलं. "भावजी," ती म्हणाली. "त्येला मागं न्या. आन् परत चालवा."

"वैनी, झालं की आता..."

"चालवा म्हनते न्हवं."

नाथाजीनं पट्टी वाकवली. जोतीराम तिरडीपाशी मागं गेला, वळला, निघाला. या खेपेला कुणी राम राम म्हटलं नाही. टाचांतलं शिसं अंगणाच्या सारवणावर वाजत होतं. डावा पाय बाहेर, झटका. उजवा सरळ. डावा बाहेर, झटका. नाथाजीचे हात घामानं ओले झाले होते, आणि घाबरलेल्या हातांनी बाहुली अधिकच नीट चालत होती. टिलमान म्हणाला होता ते आत्ता त्याला उमगलं, की दोऱ्या एका बाजूनं ओढल्या जात नाहीत, वरच्या माणसाचा जीव त्यांतून खाली उतरत असतो.

चंद्राबाई जमिनीवर बसली. बाहुली तिच्यापुढं येऊन थांबली, तशी दोघांची तोंडं सारख्या उंचीला आली. तिनं बोटानं बाहुलीची मिशी चाचपली. मग हात खाली नेला आणि तिचा डावा पाय धरला, घोट्याशी, जसा पाळण्यातल्या पोराचा धरतात. तो पाय तिनं आतल्या बाजूला वळवला. सोडला. परत वळवला. तिचे ओठ हलत होते. वर्षभरानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कुणाला कळू न देता आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

"आत टाकायचा," ती म्हणाली. "डावं पाऊल आत. चालायला शिकला तवापसनं. अंगठ्यावर अंगठा चढायचा, पडायचा, परत उठायचा. मी तेल लावून लावून वळवायची पाऊल, तरी आतच. आता दिसाय लागला. आता दिसाय लागला मला."

लालासाहेब अर्धवट उठले. "म्हंजी? मग हा..."

चंद्राबाईनं मान वर केली, पहिल्यांदा दोऱ्यांवरून नजर चढवत, पट्टीपर्यंत, पट्टी धरलेल्या हातांपर्यंत, आणि तिथून नाथाजीच्या तोंडापर्यंत.

"खोटं बोलताय तुमी, भावजी," ती म्हणाली, साऱ्या भावकीला ऐकू जाईल अशी. "ही चाल त्या मुलखातनं आल्याली न्हाई. बाभळीच्या वळनावर तुमी दारू पिऊन बैलगाडीवरनं पडला, आन् गावभर बसऱ्याची गोळी म्हनून सांगत हिंडला, त्या पायाची चाल हाय ही." मग तिनं तांब्या सापडलेल्या भटजींकडे तोंड वळवलं. "भटजी, ह्यो माजा जोती न्हाई. ह्ये आमचं नाथाजी भावजी हायती. जित्त्या मानसाला अग्नी द्यायचा आसंल तर द्या, पन आधी त्यास्नी काहिलीवरनं खाली उतरू द्या."